बंबवाल्यांचा पगार आणि आमचं 'पुरे'

इस्राएलातल्या बेर्शेबाची तिजोरी रिकामी झाली आहे, हे गावात सगळ्यांच्या आधी मला कळलं, आणि ते साखरेच्या डब्यावरून. मी ईरियात, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीत, चहा करायची. मुंबईत मॅट्रिकच्या परीक्षेला दोनदा बसलेली बाई. दोनदा बसले म्हणजे हुशारी दुप्पट, असं मी मुलींना सांगत असे, आणि त्या ते बरीच वर्षं खरं मानत होत्या. तर एक दिवस कोठीवाल्याने साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. मग लिंबाच्या चकत्या अर्ध्या करा असा हुकूम आला. त्या देशात चहा काचेच्या ग्लासात आणि दुधाशिवाय. त्यात साखर जपून आणि लिंबू अर्धं म्हटल्यावर, हा चहा आहे असं पिणाऱ्याला सांगावंच लागे. पुढे आमच्या गल्लीतला दिवा गेला तो परत लागला नाही, कचऱ्याची गाडी एक दिवसाआड झाली, आणि वरच्या मजल्यावरच्या बैठकांतून 'बजेट, बजेट' ऐकू येऊ लागलं. त्रेसष्ट सालचा हिवाळा होता तो.

मला ह्या बजेटशी काही देणंघेणं नव्हतं, पण ह्यांना होतं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तेव्हा ही हकिगत संपेपर्यंत ते 'हे'च राहतील. हे आगीच्या बंबात होते. मुंबईतही बंबखान्यात, आणि तिकडे गेल्यावर बेर्शेबाच्या बंबखान्यात. आमच्या, म्हणजे मुंबईहून गेलेल्या यहुदी लोकांपैकी कोणी कारखान्यात लागलं, कोणी रस्त्याच्या कामावर, कोणी हॉस्पिटलात. मुंबईत जे करत होता तेच इकडे येऊन करणारा माणूस आमच्या ओळखीत दुसरा नव्हता. घरात ह्यांना काडेपेटी सापडायची नाही. मुलीच्या परकराला नाडी घालायची तरी मदतीला मी लागे. पण धुराचा वास आला की ह्यांची मान अशी ताठ होई, की मला लग्नातला फोटो आठवे.

ह्यांची एक सवय होती. पाइपाच्या तोंडाला पितळेचं नळकांडं असतं, ते हे चिंचेने घासत. मुंबईत तसंच करत म्हणे. तिकडे चिंच मिळायची मारामार. मुंबईहून कोणी आलं तर ओंजळभर गोळा आणणार, तो मी आंबट कालवणासाठी लपवून ठेवणार, आणि हे तो शोधून काढून बंबखान्यात नेणार. काडेपेटी न सापडणाऱ्या माणसाला चिंच बरोबर सापडे. पहिल्यांदा बाकीचे बंबवाले हसले. मग नळकांड्यात स्वतःचं तोंड दिसायला लागल्यावर तेच लोक चिंच मागू लागले. पाइप धरताना ह्यांच्या मागे उभा राहणारा जो मोरोक्कोचा जोडीदार होता, तो तर मला रस्त्यात थांबवून विचारी, "ते तुमचं काळं आंबट आलं का मुंबईहून?" मी नाही म्हणे. डब्यात असताना नाही म्हणे.

आता पगाराचं. तिकडे पोलिसांचा पगार सरकार देई, जेरुसलेमहून. बंबवाल्यांचा पगार गावाने द्यायचा. दोघांचे पगार तोवर सारखेच होते, कारण दोघांनाही सारखंच पुरत नव्हतं. मग लिऱ्याचा, म्हणजे तिथल्या रुपयाचा, भाव पडला, सगळं महागलं, आणि सरकारने पोलिसांना वाढ दिली. गावाने म्हटलं, आमच्याजवळ नाही. आमच्या जिन्यावर समोरच्या दारात एक पोलीस राहायचा. त्याची बायको पोलंडची. तोवर आम्ही दोघी एकाच गाडीवरून रॉकेल घेत होतो आणि गाडीवाल्याला एकाच आवाजात महाग म्हणत होतो. त्या हिवाळ्यात तिच्या घरी फ्रिज आला. जिन्यावरून चढवताना तो आमच्या दाराशी अडकला, तर हमालांना ह्यांनीच हात लावला. फ्रिज आत गेल्यावर ती बाई मला म्हणाली, तुमच्याकडेही येईल. मी म्हटलं, आम्हाला शिळं खायची सवय नाही. खरं म्हणजे उरतच नव्हतं.

पण आमच्या घरातला प्रश्न फ्रिजचा नव्हता. थोरली मुलगी आठवीत होती. पुढच्या शाळेला तिकडे फी पडे, आणि ती आमच्या त्या पगारातून निघण्यासारखी नव्हती. मुलगी हुशार होती. ती माझ्यासारखी दुप्पट नव्हे, एकदाच बसून पास होणारी. डिमोनाच्या कापड गिरणीत माझा मावसभाऊ जॉबर, म्हणजे मुकादम होता. तो म्हणाला, ह्यांना पाठव, बंबापेक्षा नक्की जास्त पैसे मिळतील. मग आमचं घरात ठरलं. बंबवाल्यांचा पगार पोलिसांएवढा झाला तर हे बंबात राहतील. नाही झाला तर पेसहचा वसंतातला सण उरकून गिरणीत जातील. ठरवताना वाद झाला नाही. हे हाताच्या तळव्याकडे बघत म्हणाले, "मुलीची शाळा आहे. बरोबर आहे तुझं." मी एवढंच केलं, की पोलिसांएवढा पगार झाला तर एलियाहू हन्नबीचा, आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराचा, मलिदा करीन असा नवस बोलले. कोणाला सांगितला नाही. बंबवाल्यांचा पगार पोलिसांएवढा झाला तर, असे शब्द होते माझे. ते शब्द मी नीट निवडलेले नव्हते, पण पुढे त्यांचा उपयोग झाला.

बंबवाल्यांची तीन माणसांची कमिटी होती. मुख्य होता रुमानियाचा एक दांडगा माणूस. त्याला हळू बोलायला येत नसे. बायकोला शनिवारच्या शब्बाथच्या शुभेच्छा दिल्या तरी वाटावं की घराला आग लागली आहे. दुसरा तो मोरोक्कोचा जोडीदार. तिसरे हे. ह्यांना कशाला घेतलं, तर ईरियाचा खजिनदार दक्षिण आफ्रिकेहून आलेला, त्याला इंग्रजीत बोलायला आवडे, आणि बंबखान्यात इंग्रजी येणारे हेच एक. रुमानियावाल्याने ह्यांना बजावून ठेवलं होतं: पोलिसांएवढा, एक पै कमी नाही. हे ते घरी येऊन इंग्रजीत घोकत होते. अंघोळीच्या खोलीतून पाण्याच्या आवाजात मला ऐकू येई. मुली हसत. मीही हसले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. तुम्हाला ती सांगायचीही गरज नाही, तुमच्याही घरी तेच असणार. आमच्यात कोणी काही पुढे केलं तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर पुरे म्हणायचं. तिसऱ्यांदा, समोरच्याने ताटाला हात घालून वाढलंच, तर अहो कशाला म्हणत घ्यायचं आणि सगळं खायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस अधाशी, आणि दुसऱ्यांदा न विचारणारा यजमान कंजूष. आम्ही इस्राएलात उतरलो त्या पहिल्या आठवड्यात समोरच्या पोलंडच्या बाईने आम्हाला बोलावून केक पुढे ठेवला होता. आम्ही दोघांनी नको म्हटलं. तिने बरं म्हणून केक आत नेला. आम्ही तासभर त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसलो आणि उपाशी घरी आलो. आमच्या मुली तिकडच्या. त्यांनी ताटावरून 'दाय', म्हणजे बस, म्हटलं की बस, ताट उचलून चालत्या. आम्हीही शिकलो होतो. हिब्रूत बोलताना हे चांगले रोखठोक बोलत. त्या भाषेत सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, महापौरालासुद्धा, त्यामुळे तिच्यात संकोच राहायला जागाच नाही. पण इंग्रजीत बोलायला लागले की हे मुंबईत असत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ह्यांनाही नसावं.

त्या सकाळी खजिनदाराच्या खोलीत तिघे बसले होते. ह्यांची पाळी रात्रीच संपली होती, त्यामुळे हे इस्त्रीच्या शर्टात. बाकी दोघे पाळीवरच्या कपड्यांत. बाहेर रेतीचं वादळ होतं आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा रुमानियावाला बोलत होता, म्हणजे मला तो खालच्या मजल्यापासून ऐकू येत होता. खजिनदार ऐकत होता आणि संत्र्याची साल काढत होता. तो सबंध साल एका पट्टीत काढी, तुटू देत नसे. मग तो म्हणाला की गटाराचं काम अर्धं पडलं आहे, दोन शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरतात, दिवे लावायला तेवढे पैसे नाहीत. मी काय बंद करू ते तुम्हीच सांगा. रुमानियावाला म्हणाला, आग बंद करून दाखव. असं चाललेलं असताना भोंगा वाजला.

बंबखाना ईरियाच्या मागेच होता. पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्तीत रॉकेलचा स्टोव्ह उलटला होता. हिवाळ्यात हे रोजचंच. ते दोघे उठून पळाले. हेही अर्धे उठले होते, पण रुमानियावाला दारातून ओरडला, "तू बस. तुझी पाळी नाही. तू हे संपव, तुला त्याची भाषा येते." जिन्यावर बुटांचा आवाज झाला, मग बंबाची घंटा, आणि मग वादळाचाच आवाज राहिला.

खोलीत हे, खजिनदार, आणि ट्रे घेऊन मी. नवरा-बायको म्हणून ओळख दाखवायची नाही असं आमचं ठरलं होतं, जसं काही कोणाला माहीत नव्हतं. मी ह्यांच्यापुढे ग्लास केला. खजिनदाराने इंग्रजीत विचारलं, चहा घेणार ना. हे म्हणाले, नको, नको. खजिनदाराने मला हाताने थांबवलं आणि म्हणाला, राहू दे, त्यांना नको आहे. घरी हा माणूस अंथरुणातून उठायच्या आधी चहा मागतो. मी ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला. तेव्हाच मला काही सुचायला हवं होतं, पण मी साखरेचाच विचार करत होते, एक चमचा वाचला म्हणून.

मग खजिनदाराने संत्र्याच्या फोडी कागदावर ठेवल्या आणि सरळ मुद्द्यावर आला. आज संध्याकाळी कौन्सिलपुढे आकडा ठेवायचा आहे, तो म्हणाला. तुमच्या आणि पोलिसांच्या पगारात जो फरक आहे, त्याचा निम्मा आम्ही देऊ शकतो.

"एवढं पुरेल?" त्याने विचारलं.

ह्यांनी हसून उजव्या हाताचा पंजा पुढे केला, पानावर आडवा धरतात तसा. समोर ताट नव्हतं.

"पुरे साहेब," हे म्हणाले. "पुष्कळ झालं. कशाला एवढा त्रास."

खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, छान बोलले. एवढा घोकलेला माणूस, पण तोंडावर पगार मागितला नाही, घरंदाजपणा सोडला नाही. आता साहेब म्हणणार, छे छे, असं कसं, आणखी थोडं घ्या. मग हे नको म्हणतील, साहेब ऐकणार नाही, मग हे म्हणतील, बरं, तुमचा शब्द मोडवत नाही, तर पोलिसांएवढंच करून टाका. माझ्या मनात सगळं संभाषण तयार होतं. ह्यांच्याही असणार, कारण हे तसेच हसत, पंजा तसाच धरून, साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिले.

खजिनदाराने पेनाचं टोपण काढलं. समोरच्या कागदावर लिहिलं. टोपण लावलं. उठून ह्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणाला की सगळे तुमच्यासारखे समंजस असते तर माझे केस पांढरे झाले नसते. ह्यांचा पंजा आडवा होता तो त्याने सरळ करून घेतला. मग एक फोड ह्यांच्यापुढे केली. हे नको म्हणाले. त्याने ती स्वतः खाल्ली.

हे त्यानंतरही थोडा वेळ खुर्चीत बसून होते. मला वाटतं, वाट बघत.

दुपारी हे घरी आले तेव्हा डोळ्यांत, भुवयांत रेती. मी पाणी दिलं. हे म्हणाले, "तो पुढे काही बोललाच नाही गं." मी म्हटलं, हो. जेवायला वाढलं, जेवले. मी आणखी भात वाढू का विचारलं, पुरे म्हणाले, मी तरी वाढला, खाल्ला. दोघांनाही त्या वेळी काही वाटलं नाही. पाय मोडतो तेव्हा पहिल्यांदा काही वाटत नाही असं हे सांगत, तसं असेल; पण पुढेही फारसं वाटलं नाही, एवढं मला आठवतं. रेती आत येत होती आणि मी दर थोड्या वेळाने केर काढत होते.

संध्याकाळी ते दोघे आले. काजळी अजून मानेवर होती. आग विझली होती, कोणी दगावलं नव्हतं. एक बाई आपली शिवणाची मशीन आणायला आत शिरत होती, तिला ओढून बाहेर काढलं होतं. कौन्सिलने निम्मा फरक मंजूर केला हे त्यांना कळलं होतं, आणि आपल्याच माणसाने पुरे म्हटलं हेही कळलं होतं. रुमानियावाला जिना चढतानाच ओरडत होता. जिन्यावरची दारं उघडली. आत आल्यावर मात्र त्याला ह्यांचा चेहरा दिसला असेल, तो खुर्चीवर बसला आणि हळू बोलला. मी त्याला हळू बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. त्याला समजूनच घ्यायचं होतं. का म्हणालास, त्याने विचारलं. घाबरलास का? खजिनदाराने काही देऊ केलं का तुला? ह्यांनी नाही अशी मान हलवली. मग मी हिब्रूत जमेल तसं सांगितलं, की आमच्यात असं असतं, आधी नाही म्हणायचं, मग पुरे, मग तिसऱ्यांदा घ्यायचं. सांगताना मलाच ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं. रुमानियावाल्याने विचारलं, "पण मग खरंच नको असेल तर काय करता?" खरंच नको असतं तेव्हाही आम्ही खातो.

मोरोक्कोच्या जोडीदाराला मात्र लगेच कळलं. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "माझ्या आईच्या घरीपण हेच. पण अरे, तो खजिनदार काय तुझी आत्या होता?"

थोरली मुलगी दारात उभी होती, ती हसली. मग रुमानियावाला हसला. मग हेही हसले. मी त्यांना जेवायला थांबवलं. मोरोक्कोवाल्याने नको म्हटलं, पुरे म्हटलं आणि पोटभर खाल्लं. रुमानियावाल्याने एकदाच नको म्हटलं आणि खरंच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी रुमानियावाला खजिनदाराकडे गेला, आणि त्या दिवशी ईरियात कोणाला काम करता आलं नाही, इतका त्याचा आवाज. पण कौन्सिलचा ठराव झाला होता. आता पुढच्या बजेटात. नंतर मी ग्लास उचलायला गेले तर खजिनदार आपणहून माझ्याशी बोलला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मी त्याला विचारलं होतं, पुरेल का. आणखी थोडं द्यायची मला मोकळीक होती. त्याने मागितलंच नाही." आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. मी तो विसळला. त्या आठवड्यात मी कितीतरी ग्लास विसळले असतील. तो कोणता, ते काही मला वेगळं आठवत नाही.

निम्म्या फरकात शाळेची फी बसत नव्हती. आम्ही परत परत बेरीज करून पाहिली नाही, एकदाच केली. पेसहच्या सणात मोरोक्कोवाला ह्यांना सांगायला आला की जाऊ नको. घरी कोणी पाहुणं नव्हतं, मी आतून ऐकत होते. तो म्हणाला, जाऊ नको, वर्षभरात उरलेला निम्मा मिळेल. हे म्हणाले, नको, जातो. तो म्हणाला, पाइपावर माझ्या पुढे दुसरं कोणी मला चालणार नाही. हे म्हणाले, चालेल, सवय होईल. तो तिसऱ्यांदा म्हणाला, मग चौथ्यांदा; ह्यांचा दंड धरून म्हणाला. त्याला आग्रहाची रीत माहीत होती, तो बिचारा ती पुरी पाळत होता. मी ताटकळून ऐकत होते की आता ह्यांनी म्हणावं, बरं, तुमचा शब्द मोडवत नाही. पण ह्या वेळी ह्यांचं नको म्हणजे नको होतं. मुलीची शाळा होती.

शेवटच्या पाळीला हे माझी उरलेली चिंच घेऊन गेले. मी लपवली नव्हती, पुढेच ठेवली होती. बंबखान्याच्या प्रमुखाने विचारलं, नक्की जातोस? हे हो म्हणाले, आणि त्याने हेल्मेट परत घेतलं. घरी येऊन ह्यांनी हात साबणाने धुतले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटेची डिमोनाची बस.

गिरणीत आग लागू नये म्हणून काडेपेटी आत नेऊ देत नाहीत, हे ह्यांना फार पसंत पडलं. संध्याकाळी कापसाचे तंतू डोक्याला चिकटवून घरी येत. मी म्हणायची, म्हातारे दिसता. हे म्हणायचे, आहेच. पगार जास्त होता. थोरली शाळेत जाऊ लागली. तिला फीविषयी कोणी काही सांगितलं नाही, पण एकदा तिनेच हिब्रूत विचारलं, बाबा माझ्यामुळे गेले का. मी मराठीत म्हटलं, अभ्यास कर. बंबाचा भोंगा वाजला की हे जेवताना थांबत, हात ताटातच ठेवून, आणि आवाज लांब गेला की परत जेवत. माझ्या लक्षात एक दुसरीच गोष्ट आली. ह्यांनी आता 'पुरे' म्हणणं सोडलं होतं. भात वाढू का म्हटलं की ताट पुढे. आणखी कालवण? ताट पुढे. पहिल्या खेपेला, कोऱ्या चेहऱ्याने. मी वाढत गेले, हे खात गेले.

चौसष्ट सालच्या बजेटात बंबवाल्यांना पोलिसांएवढा पगार झाला. वर ईरियात ठराव झाला तेव्हा मीच चहा दिला. साखरेचं कुलूप निघालं होतं. खजिनदाराने मला बोलावून सांगितलं, तुझ्या नवऱ्याला सांग. मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं झालं."

मग मी तो नवस सांगितला. म्हटलं, आता काय, तो तुमच्यासाठी होता, तुम्ही तर तिथे नाही, राहून गेला. ह्यांनी विचारलं, शब्द काय होते? मी सांगितले. हे म्हणाले, "बंबवाल्यांचा पगार म्हणाली होतीस ना? मग झाला की. कर मलिदा."

म्हणून मलिदा केला. पोहे मुंबईहून आलेले ठेवले होते, खोबरं पाकिटातलं, कोरडं. गूळ नव्हता म्हणून साखर, ती माझ्या पैशाची, हे इथे नमूद करते. फळं बाजारातली. आमच्यातले शेजारपाजारचे पुरुष प्रार्थनेला जमले, आणि पाळी नसलेले बंबवाले आले. हा कोणता सण म्हणून त्यांनी विचारलं, तर ह्यांनी सांगितलं, तुमच्या पगाराचा. रुमानियावाल्याला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने टोपी नीट डोक्यावर बसवली आणि प्रार्थना संपेपर्यंत उभाच राहिला. बाकीचे बसले तेव्हाही. मोरोक्कोवाला येताना कागदात गुंडाळून पाइपाचं नळकांडं घेऊन आला होता. काळवंडलं होतं. मला म्हणाला, ते काळं आंबट असेल तर. मी डबा उघडा करून दाखवला, चिंच खरंच नव्हती. ह्यांनी नळकांडं हातात घेतलं, आत बघितलं, बाहीने थोडं पुसलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

मी मलिदा वाढायला घेतला. रुमानियावाल्याने पहिल्याच खेपेला हो म्हटलं. मोरोक्कोवाल्याने रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि मी रीतीप्रमाणे वाढला. ह्यांच्यापुढे आले. ह्यांनी बशी पुढे केली. मी एक मूठ घातली. बशी तशीच पुढे. आणखी घातली. ह्यांचं लक्ष दाराकडे होतं, तिथून रुमानियावाला आणि मोरोक्कोवाला आपल्या पाळीवर निघाले होते. मी हात थांबवून विचारलं, "पुरे का?"

बशी तशीच पुढे होती. मी आणखी वाढला.